राहिलेल्या लसी आणि पत्राची शेवटची ओळ

पत्र, थोडक्यात: एका आईला दोन मुलं आहेत, मुलगा २० महिन्यांचा आणि मुलगी साडेअकरा वर्षांची. मुलाला जन्माच्या वेळच्या लसी मिळाल्या, मग दीड महिन्याच्या आणि अडीच महिन्यांच्याही. अडीच महिन्यांच्या लशीनंतर दीड दिवस ताप आला, मांडीवर गाठ आली आणि ‘याला लस सोसत नाही’ असं घरात ठरून गेलं. पुढच्या तारखेला सर्दी, नवव्या महिन्यात खोकला, वर्षाचा झाला तेव्हा पुन्हा सर्दी. ‘बरा झाला की नेऊ’ म्हणता म्हणता तारखा निघून गेल्या. आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल आणि डॉक्टर रागावतील, अशी दुहेरी धास्ती आहे. सासूबाई म्हणतात, हसतं-खेळतं पोर दवाखान्यात नेऊन आजार कशाला घरी आणायचा? मुलीच्या शाळेतून एचपीव्ही लशीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीची) चिठ्ठी आली आहे, तर नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यात काय घाई! मुलीची शेवटची साधी तपासणी पाचव्या वर्षी झाली होती, तिचं लसीकरण कार्डही घर बदलताना हरवलं. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘मुलगा अजून तीन-चारच शब्द बोलतो, पण मुलगे उशिराच बोलतात ना?’

आधी झोप उडवणारी गोष्ट मिटवू. पहिल्यापासून काहीही सुरू करायचं नाही. दिलेले दोन डोस जमेला धरायचे आणि तिसऱ्यापासून पुढं मोजायचं. मध्ये सतरा महिने गेले तरी हिशेब तोच.

कारण कळलं तर यावर विश्वास बसेल. लस मिळाली की त्या जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी शरीरात तयार होतात. तारीख चुकली म्हणून त्या काम सोडून जात नाहीत. पुढचा डोस उशिरा आला तरी त्यांना जुनी ओळख आठवते. उलट दोन डोस फार जवळजवळ दिले तर दुसरा वाया जाऊ शकतो, कारण पहिल्याचं काम अजून चालू असतं. म्हणून लसींच्या वेळापत्रकात किमान अंतर काटेकोर असतं. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीच्या पहिल्या तीन डोसांमध्ये किमान ४ आठवडे, तिसरा डोस आणि बूस्टर (नंतरचा बळकटीचा डोस) यांच्यात किमान ६ महिने. जास्तीत जास्त किती दिवस चालतील, याला बहुतेक लसींच्या बाबतीत मर्यादाच नाही.

पण डोस वाया गेला नाही म्हणजे उशीर फुकटात पडला असंही नाही. मधला सगळा काळ मूल त्या आजारापुढं उघडं राहतं. डांग्या खोकल्याविरुद्ध तुमच्या मुलाकडे दोन डोसांचं अर्धवट का होईना संरक्षण आहे, आणि तो आजार जिवावर बेततो ते पहिले काही महिने उलटून गेले आहेत. गोवराविरुद्ध मात्र त्याच्याकडे काहीच नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या वर्षातच ओसरते. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि संरक्षण नसलेल्या लोकांत एका रुग्णापासून साधारण १२ ते १८ जणांना लागण होते. म्हणून राहिलेल्या लसींमध्ये पहिला मान गोवराच्या लशीचा. मध्यंतरी कुठं गोवराच्या रुग्णाशी संपर्क आलाच, तर वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते.

पहिल्या फेरीत काय काय होईल याचा अंदाज देते, म्हणजे दवाखान्यात गोंधळ उडणार नाही. अचूक यादी तुमच्या देशाच्या वेळापत्रकाप्रमाणे डॉक्टर ठरवतील, पण साचा असा: त्याच दिवशी घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा तिसरा डोस, पोलिओ, न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) आणि गोवर-रुबेलाची लस (बऱ्याच ठिकाणी त्यातच गालगुंडाचीही असते). चार आठवड्यांनी गोवराच्या लशीचा दुसरा डोस. न्यूमोकोकलचा आणखी डोस लागला तर ८ आठवड्यांनी. सहा महिन्यांनी पहिला बूस्टर. काही लसींचे डोस तर उशिरामुळे कमीच होतात. हिब या जंतूच्या लशीचा एक डोस १५ महिन्यांनंतर दिला की सहसा पुरतो, कारण या वयातलं शरीर तान्ह्या बाळापेक्षा चांगला प्रतिसाद देतं. सव्वादोन वर्षांचा होईपर्यंत तुमचा मुलगा बरोबरीच्या मुलांना गाठेल.

एक लस मात्र हातची गेली असं समजा. जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरसची तोंडानं द्यायची लस अगदी लहान वयातच सुरू करायची असते. वय वाढल्यावर आतड्यात आतडं अडकण्याच्या दुर्मीळ गुंतागुंतीचा विचार करावा लागतो, शिवाय जुलाबाचा सर्वांत घातक काळही तोवर सरत आलेला असतो. तिच्यासाठी हळहळू नका. तान्ह्या बाळांच्या आईबापांनी मात्र या एका लशीची तारीख पुढं ढकलू नये.

एका दिवशी चार-पाच लसी म्हणजे फार, असं वाटेल. रांगणारं मूल रोज तोंडात काय काय घालतं आणि त्यातून किती जंतूंशी त्याची गाठ पडते, त्यापुढं लसींमधले मोजके घटक किरकोळ आहेत. एका मांडीत दोन इंजेक्शनं द्यायची तर त्यांत किमान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवतात, म्हणजे सूज आली तर कोणत्या लशीची ते कळतं. टोचून द्यायच्या दोन जिवंत (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या) लसी, उदाहरणार्थ गोवराची आणि कांजिण्यांची, एकतर एकाच दिवशी द्याव्या लागतात नाहीतर ४ आठवड्यांच्या अंतरानं. ‘एक आज, एक पुढच्या आठवड्यात’ अशी वाटणी केली तर दुसरी नीट लागू पडत नाही आणि पुन्हा द्यावी लागते. दया म्हणून केलेली ही विभागणी मुलाला दोन दुखऱ्या दिवसांऐवजी तीन देऊन जाते.

टोचताना मुलाला आडवं करून हातपाय दाबून धरणं, ही आईबापांच्या आणि मुलांच्याही लक्षात राहणारी भीती. त्याची गरज नाही. मुलाला तुमच्याकडे तोंड करून मांडीवर बसवा, छातीशी घट्ट धरा, त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना येऊ द्या. एक हात त्याच्या पाठीवरून, दुसरा टोचायच्या पायाच्या गुडघ्यावर. अंगावर पीत असेल तर टोचण्याच्या थोडं आधी पाजायला घ्या आणि टोचताना पाजत राहा. तोंडानं द्यायचं काही असेल तर ते आधी द्यायला सांगा आणि सर्वांत झोंबणारं इंजेक्शन शेवटी. टोचल्यावर जागा चोळू नका.

आता तापाचं. अडीच महिन्यांच्या लशीनंतर दीड दिवस ताप येणं म्हणजे लस न सोसणं नव्हे. डांग्या खोकल्याचा घटक असलेल्या लशीनंतर पहिल्या ४८ तासांत ताप, किरकिर, टोचल्या जागी लाली-सूज हे बऱ्याच मुलांना होतं. मांडीतली वाटाण्याएवढी गाठ काही आठवडे हाताला लागत राहते आणि आपोआप विरते. गोवराच्या लशीचं वेळापत्रक वेगळं: तिचा ताप आणि कधी पुरळ साधारण ५ ते १२ दिवसांनी येतं, तोवर लोक लस विसरून गेलेले असतात. डांग्या खोकल्याची ‘न दुखणारी’ लस मागायची का, असंही तुम्ही विचाराल. त्या लशीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे मोजकेच वेचलेले घटक असतात, म्हणून ताप-सूज कमी होते, पण संरक्षणही तुलनेनं लवकर ओसरतं. दोन्ही लसी चांगल्याच आहेत. तापाच्या धास्तीनं लसच टळत असेल तर न दुखणारी घ्या.

तापावर पॅरासिटामॉल. मात्रा मुलाच्या वजनावर: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. मूल ११ किलोचं असेल तर एका वेळी ११० ते १६५ मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांच्या अंतरानं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. चूक होते ती चमच्यात. कुठल्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतात, तर कुठल्यात २५०. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला की मात्रा दुप्पट होते. म्हणून बाटलीवरचे मिलिग्रॅम वाचा. ताप येण्याआधीच ‘येऊ नये म्हणून’ औषध देऊन ठेवू नका, त्यानं काही लसींचा प्रतिसाद थोडा कमी होतो असं दिसलं आहे. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीच नाही. ताप ४८ तासांहून जास्त टिकला, मूल सलग तीन तास कशानंही शांत होत नाही असं रडलं, एकदम पांढरं पडून लुळं झालं किंवा झटका आला, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा आणि पुढच्या लशीआधी ते आठवणीनं सांगा. तीव्र अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ, पण येते तेव्हा बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते. टोचल्यावर १५ ते ३० मिनिटं थांबायला सांगतात ते त्यासाठीच.

तुमच्या तिन्ही तारखा सर्दी-खोकल्यानं खाल्ल्या. वाहतं नाक, साधा खोकला, हलका ताप, थोडे जुलाब, चालू असलेलं अँटिबायोटिक, यातलं काहीही लस पुढं ढकलायचं कारण नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचाही हिशेब प्रत्यक्ष जन्मतारखेपासूनच करतात; फक्त दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या हिपॅटायटिस बीच्या पहिल्या डोसाबद्दल डॉक्टर वेगळा विचार करतात. खरी कारणं मोजकी आहेत: त्याच लशीनं आधी तीव्र अ‍ॅलर्जी आलेली असणं, डांग्या खोकल्याच्या लशीनंतर ७ दिवसांत मेंदूचा गंभीर त्रास झालेला असणं, जिवंत लसींसाठी प्रतिकारशक्ती फारच कमी असणं किंवा दोन आठवडे वा जास्त काळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असणं. मुलाला अलीकडे रक्त चढवलं असेल तर गोवराची लस काही महिने थांबवतात. मूल खरोखर आजारी असेल, जोराचा ताप असेल, तर बरं होईपर्यंत थांबतात. पण हा निर्णय मुलाला बघून घ्यायचा असतो, घरी बसून नव्हे. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होते. सर्दी नसलेला दिवस शोधत बसलात तर तो सापडायला वेळ लागणारच.

आता पत्राची शेवटची ओळ.

दोन पानं लसींच्या तारखांवर आणि बोलण्यावर एक ओळ, तीही प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकणारी. चुकलेल्या लसी भरून निघतात. कानाचं मात्र तसं नाही. पहिल्या तीन वर्षांत मेंदू भाषा ऐकून ऐकून घडतो, आणि ऐकूच येत नसेल तर ते महिने परत मिळत नाहीत.

मुलगे सरासरीनं थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण तो फरक एवढा मोठा नसतो की त्याच्या आधारावर स्वस्थ बसावं. दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलं ‘आई-बाबा’ सोडून तीन तरी शब्द वापरू बघतात आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडतात. म्हणजे तुमचा मुलगा काठावर आहे. काठावरच्या मुलाला तपासायचं असतं. घाबरायचं कारण नाही, पण सहा महिने वाट बघण्याचंही नाही.

सुरुवात कानापासून. तुमच्या पत्रात सर्दी इतक्या वेळा आली आहे की दुसरं काही आधी सुचतच नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या पडद्यामागं चिकट पाणी साठून राहतं. दुखत नाही, ताप नसतो, त्यामुळं कुणाला कळत नाही. मूल बहिरं नसतं. दोन्ही कानांत बोटं घालून ऐकावं तसं त्याला ऐकू येतं. दार आपटलं की ते दचकतं, मोबाइल वाजला की वळतं, म्हणून घरातले निर्धास्त असतात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी हलकी अक्षरं त्याच्यापर्यंत पुसट पोचतात. जन्मल्यावरची श्रवणचाचणी पास झाली होती, हेही इथं कामाचं नाही. हे पाणी नंतर साठतं. दूरबिणीसारख्या छोट्या उपकरणानं कान बघणं, पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री आणि वयाला जुळणारी श्रवणचाचणी, एवढ्यावर बरंच कळतं. मुलाला यात कसलीही इजा होत नाही.

कानांइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्याला कळतं किती. हातवारे न करता, नुसत्या शब्दांत ‘बॉल आण’ म्हटलं तर आणतो का? हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का, आणि नुसतंच ‘बघ ना’ म्हणून दाखवतो का? आवडलेली वस्तू तुमच्यापाशी आणून तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का? नावानं हाक मारली की वळतो का? या चारांची उत्तरं चार दिवस बघून कागदावर लिहा आणि डॉक्टरांपुढं ठेवा. चारही ‘हो’ असतील तर बोलणं मागून येण्याची शक्यता चांगली. ‘नाही’ जास्त असतील तर ऑटिझमची (स्वमग्नतेची) चाळणी-चाचणी करतात; ती १८ आणि २४ महिन्यांना एरवीही करायला सांगतात. चाळणी म्हणजे निदान नव्हे, पण मदत लागणारच असेल तर ती तीन वर्षांनंतर सुरू होण्यापेक्षा आता सुरू झालेली बरी.

इथं एक कडू गोष्ट बोलते. तुमच्या मुलाला गोवराची लस वेळेवर मिळाली असती आणि तरी तो तीन-चारच शब्द बोलत असता, तर घरात कुणीतरी म्हणालंच असतं की लशीनं झालं. बोलण्यातली अडचण लक्षात येण्याचं वय आणि या लशीचं वय एकच असल्यानं तो संशय जगभर पसरला. १९९८ साली १२ मुलांवरच्या एका लेखानं त्याला हवा दिली. तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानंच तो २०१० मध्ये मागं घेतला. डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजार ४६१ मुलांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्याचा एक कण आहे: दवाखान्याच्या बाकावर खोकणाऱ्या मुलांशेजारी तासभर बसणं खरंच बरं नाही. त्यावर उपाय म्हणजे निरोगी मुलांसाठीची वेगळी वेळ किंवा दिवसातली पहिली वेळ मागून घेणं. पण हसत्या-खेळत्या पोराला न्यायचं कशाला, हा त्यांचा मूळ प्रश्न उत्तराला पात्र आहे. आजारी मुलाची तपासणी आजाराभोवती फिरते. ताप असलेल्या मुलाची वाढ, बोलणं, नजर त्या दिवशी धड मोजताच येत नाही. बरं असलेल्या दिवशीच ते जमतं.

वजनाचंच घ्या. समजा, एक मुलगा वर्षाचा असताना ९.६ किलो होता आणि २० महिन्यांना १० किलो भरला. घरचे म्हणतील, वाढलं की वजन! पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर २० महिन्यांच्या मुलग्यांची मधली रेषा ११.३ किलोवर आहे. हा मुलगा मधल्या रेषेवरून निघाला आणि खालच्या रेषेपाशी येऊन ठेपला. एकटा १० किलोचा आकडा काही सांगत नाही, दोन ठिपके जोडल्यावर बोलतो. (हा तक्ता २००६ चा, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांवरून केलेला, त्यामुळं ‘आमच्याकडची मुलं अंगानं लहानच’ हे उत्तर पाच वर्षांच्या आतल्या मुलांना चालत नाही.) मापाचीही एक खोच आहे. दोन वर्षांपर्यंत लांबी आडवं ठेवून मोजतात, पुढं उंची उभं करून, आणि दोहोंत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. पद्धत बदलली की मूल ‘खुंटलं’ असं उगीच वाटतं.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी धावती यादी: पहिल्या आठवड्यात वजन आणि कावीळ (जन्माच्या वजनात ७ ते १० टक्के घट चालते, दोन आठवड्यांत ती भरून यायला हवी), सुरुवातीच्या भेटींत डोळ्यांतली लाल चमक आणि खुब्याचे सांधे, मुलग्यांच्या वृषणाची गोळी सहा महिन्यांपर्यंत खाली उतरली का, वर्षाच्या सुमारास हिमोग्लोबिन आणि दात. दुसऱ्या वर्षापर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, तीन वर्षांनंतर वर्षाला एकदा. तीन ते पाच वर्षांदरम्यानची डोळ्यांची तपासणी मात्र चुकवू नका. एक डोळा अधू असेल तर मूल तक्रार करत नाही, दुसऱ्यानं काम भागतं. आणि सात-आठ वर्षांनंतर तो डोळा सुधारणं अवघड होत जातं.

मुलीकडे येऊ. ‘एवढ्यात काय घाई’ या प्रश्नामागं बहुधा न उच्चारलेली शंका असते, की ही लस म्हणजे काही वेगळ्या गोष्टींना परवानगी तर नव्हे? तसं नाही. ही कर्करोगाची लस आहे. गर्भाशयमुखाचा जवळपास प्रत्येक कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळं होतो. लस त्याची लागण रोखते, झालेली लागण बरी करत नाही. म्हणून ती लागणीच्या कितीतरी आधी द्यायची. शिवाय ९ ते १४ या वयात शरीराचा प्रतिसाद इतका चांगला असतो की एक किंवा दोन डोस पुरतात. एक की दोन, ते देशाच्या धोरणावर. दोन असतील तर सहा महिन्यांच्या अंतरानं. पंधरानंतर सुरुवात केली तर बऱ्याच ठिकाणी तीन डोस देतात. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. लस घेतली तरी मोठेपणी गर्भाशयमुखाची तपासणी करावी लागतेच, कारण विषाणूचे सगळे प्रकार त्यात येत नाहीत. टोचून घेताना तिला बसवा, उपाशी नेऊ नका आणि नंतर १५ मिनिटं बसू द्या. या वयातल्या मुलींना सुईच्या नुसत्या धास्तीनं भोवळ येते, आणि पडून डोक्याला लागतं ते लशीपेक्षा जास्त त्रासाचं ठरतं. त्याच फेरीत धनुर्वात-घटसर्पाच्या बूस्टरचंही विचारा. ९ ते १५ वर्षांदरम्यान तो द्यायचा असतो.

तिची तपासणी साडेसहा वर्षं झालेली नाही आणि नेमकी याच वयात ती कामाची. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात; वर्षभरात ४ सेंटिमीटरही भरत नसेल तर कारण शोधायचं. मुलींची उंची सर्वांत वेगानं वाढते ती पाळी सुरू होण्याआधी, त्यानंतर थोडेच सेंटिमीटर उरतात. ‘मोठी झाली की उंचीचं बघू’ म्हणणाऱ्यांच्या हातून वेळ जातो तो इथंच. पायांवर सरळ उभी राहून पुढं वाकली की पाठीची एक बाजू वर दिसते का, हे बघायला अर्धा मिनिट लागतो. कणा वाकडा होत असेल तर तो वाढीच्या याच काळात जास्त वाकतो. रक्तदाब, चष्म्याचा नंबर, हिमोग्लोबिन, झोप (तेरानंतर ८ ते १० तास हवी), मन लागतं का, शाळेत कुणी छळतं का. भेटीतली दहा मिनिटं तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. तुम्ही बाहेर बसल्यावर ती काय बोलली हे विचारू नका. जिवाला धोका असेल असं काही निघालं तर डॉक्टर तुम्हाला सांगतीलच.

हरवलेल्या कार्डासाठी आधी जुन्या दवाखान्यातल्या नोंदी मागा, शाळेच्या प्रवेशाच्या कागदांत प्रत असेल तर तीही. काहीच मिळालं नाही तर नोंद नाही म्हणजे लस नाही असं धरून राहिलेलं देतात. गोवराचा एखादा डोस जास्त झाला तरी बिघडत नाही. धनुर्वाताचे डोस फार वेळा झाले तर दंड जास्त सुजतो, एवढंच. म्हणून आठवत असेल तितकं सांगा. पुढं प्रत्येक लशीनंतर नाव, तारीख आणि बाटलीवरचा बॅच नंबर लिहिलेल्या पानाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

डॉक्टर रागावतील या भीतीवर साधा तोडगा: तारीख घेतानाच फोनवर सांगून टाका, ‘मुलाच्या अडीच महिन्यांनंतरच्या लसी राहिल्यात, आता पूर्ण करायच्या आहेत, आणि बोलणं-ऐकणंही तपासायचंय.’ उशिरा आलेली मुलं त्यांना नवी नसतात. कानाची तपासणी लसींपेक्षा लांबची मिळाली तर लसी आधी उरका, ती तारीखही आजच घेऊन ठेवा. आणि त्या दिवशी मुलाचं नाक वाहत असेल तर तारीख स्वतः रद्द करू नका. फोन करून विचारा, पाणी साठलेला कान सर्दीतही बघता येतो.